चाड्यावरची मूठ

आमच्या घरी रोज दिवेलागणीला कुटुंब प्रार्थना व्हायची. वचन वाचायचं काम माझ्याकडं, कारण आजीला अक्षर येत नव्हतं आणि आज्याला चिमणीच्या उजेडात दिसत नव्हतं. मी तेव्हा पाचवीत असेन. त्या दिवशी बायबलमधलं स्तोत्र १२६ आलं. सहाच वचनांचं लहानसं स्तोत्र. आसवं गाळत पेरणारे आनंदानं कापणी करतील, इथवर मी आले आणि नेहमीच्या वेगानं पुढं निघाले, तर आजी म्हणाली, "थांब. मागचं परत वाच."

मी परत वाचलं.

"का रडतो गं तो पेरणारा?"

मला उत्तर पाठ होतं. रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की बी म्हणजे देवाचं वचन, आसवं म्हणजे प्रार्थना आणि पीक म्हणजे तारण पावलेले आत्मे. मी ते धडाधडा सांगून टाकलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आसंल तसंबी. पर घरात लेकरं उपाशी आन् हातातलं बी मातीत टाकायचं म्हनल्यावर मानसाला रडू न्हाई येनार?"

आजा काही न बोलता उठून अंगणात गेला. त्या दिवशीची प्रार्थना आजीनं एकटीनंच केली.

तो का उठून गेला हे मला पुष्कळ वर्षांनी, तो वारल्यानंतर कळलं. आजी एका बैठकीत काही सांगायची नाही. कधी तूर निवडताना, कधी दवाखान्याच्या बाकावर बसून नंबरची वाट बघताना एखादा तुकडा सांगायची. ते तुकडे मीच जुळवले. गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची. त्याआधीची दोन वर्षंही मराठवाड्यावर पाऊस धड झाला नव्हता, आणि १९७२ साली तर पावसानं तोंडच दाखवलं नाही. जालन्याच्या आसपासची रानं मोकळी पडली. आजा-आजी दोघंही सरकारी दुष्काळी कामावर जायचे. आजा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचा, आजी रस्त्याच्या कडेला खडी फोडायची. खायला अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि लेकरांना सुकडी. "ती भाकर गळ्याखाली उतरायची न्हाई, पर उतरवायची," असं ती म्हणायची.

घरात उतरंडीच्या तळाला दोन गाडगी होती. त्यात बियाण्याची ज्वारी राखेत कालवून ठेवलेली, तोंडं शेणामातीनं लिंपलेली. दुष्काळभर त्या गाडग्यांना हात लावायचा नाही, हे दोघांत ठरलेलं होतं. हे खाल्लं तर पुढच्या साली पेरायला काय? कर्ज काढून बी आणावं अशी पत गावकुसाबाहेरच्या तीन एकरवाल्याला कोण देणार? आजी रोज रात्री सगळे झोपले की उतरंड उतरवायची, ते गाडगं कानाशी धरून हलवायची आणि दाण्यांचा आवाज ऐकून परत ठेवायची. आवाज भरलेला आला की तिला झोप लागायची.

एका रात्री धाकटी आत्या तापानं फणफणली होती आणि पोटात काहीच ठरत नव्हतं. आजीनं एका गाडग्याचा लिंपा फोडला, ओंजळभर ज्वारी काढली, राख धुतली, जात्यावर भरडली आणि पेज केली. पहाटे परत लिंपून ठेवलं. मग आणखी एकदा. मग आणखी. आज्याला तिनं सांगितलं नाही.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला. बैल दुष्काळात मोडले होते, म्हणून दुसऱ्याचे बैल मागून आणले. आज्यानं तिफण धरली, आजीनं चाड्यावर मूठ धरली. ज्यांनी तिफण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चाडं म्हणजे लाकडाचं वाटीसारखं तोंड. त्यातून तीन नळे खाली तीन फणांत जातात. बाई मुठीत बी घेऊन बोटांच्या फटीतून ते चाड्यात सोडत चालते. मूठ सैल झाली तर दाटी होते, आवळली तर नांगं पडतात. आजीची मूठ गावात नावाजलेली होती. त्या दिवशी तिनं मूठ आवळून आवळून धरली, तरी बांधाच्या कडेची दोन तासं राहिली आणि बी संपलं. आजा थांबला. रिकाम्या ओटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मला वाटलं आता इचारंल." त्यानं विचारलं नाही. बैल सोडले आणि बांधावर बसून रडला.

म्हणजे आजीच्या लेखी स्तोत्र १२६ मधला तो माणूस आमचा आजाच होता. ज्यानं ते लिहिलं त्यानं असा कुणीतरी बांधावर बसलेला पाहिला असणार, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. आणि आज मलाही नाही.

त्याच स्तोत्रात त्याच्या अगदी आधीच्या वचनात एक मागणं आहे. दक्षिणेकडच्या ओढ्यांसारखी आमची स्थिती पालट, असं. हा दक्षिण देश म्हणजे नेगेव, यहूदाच्या खालचा कोरडा मुलूख. तिथले ओढे वर्षाचे बहुतेक दिवस नुसती वाळू आणि दगड, आणि पाऊस झाला की घटकाभरात दुथडी. हे मी पुढं पुस्तकात वाचलं. पण जालन्याच्या माणसाला त्यासाठी पुस्तक कशाला लागतं? कुंडलिका आम्ही अशीच पाहिली आहे. मे महिन्यात पात्रात पोरं क्रिकेट खेळतात आणि एखाद्या रात्री वरच्या अंगाला ढग फुटला की सकाळी पुलावर माणसांची गर्दी होते, कुणी काम सांगितलेलं नसताना, नुसतं पाणी बघायला. म्हातारी माणसं हात जोडून उभी असतात. "आमची स्थिती पालट" हे मागणं मला त्या पुलावर समजलं.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या मंडळीत बायकांचा बायबल अभ्यास घेते. त्यामुळं एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. वचन वाचताना आपला अनुभव दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावा, नाहीतर माणूस देवाचं ऐकण्याऐवजी स्वतःचंच ऐकतो. हे सांगणारी माणसं प्रामाणिक आहेत आणि त्यांची भीती खोटीही नाही. तिच्याकडं पुढं येते. पण प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे वाक्य इतक्या ठामपणे म्हटलं जातं याचं मला नवल वाटतं, कारण ज्या मार्टिन लूथरनं फक्त शास्त्र, फक्त शास्त्र म्हणून युरोप हलवला, त्यानं शेवटी लिहून ठेवलेली चिठ्ठी काही वेगळंच सांगते. १६ फेब्रुवारी १५४६ ची तारीख आहे तिच्यावर, आणि १८ तारखेला तो गेला. त्यात तो म्हणतो की पाच वर्षं गुरं-मेंढरं राखल्याशिवाय किंवा पाच वर्षं शेती केल्याशिवाय कुणाला रोमन कवी व्हर्जिलची गुराख्यांवरची आणि शेतीवरची काव्यं कळायची नाहीत. वीस वर्षं राज्यकारभारात घालवल्याशिवाय रोमन मुत्सद्दी सिसेरोची पत्रं कळायची नाहीत. आणि संदेष्ट्यांच्या सोबतीनं शंभर वर्षं मंडळ्या सांभाळल्याशिवाय पवित्र शास्त्र चाखलं असं कुणी समजू नये. शेवटची ओळ, आपण सारे भिकारी आहोत, हे खरं.

पाच वर्षं शेती. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आजीची मूठ आली. तिची तर साठ वर्षं झाली होती.

असाच एक प्रसंग अमेरिकेतल्या मार्क अॅलन पॉवेल या नव्या कराराच्या अभ्यासकाचा. त्यांनी विद्यार्थ्यांना लूककृत शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बापाकडून वाटणी घेऊन दूर देशी गेलेल्या आणि तिथं डुकरं राखायची वेळ आलेल्या पोराची गोष्ट, वाचायला दिला आणि मग पुस्तक मिटून तो आठवेल तसा सांगायला लावला. शंभर अमेरिकनांपैकी फक्त ६ जणांनी दुष्काळाचा उल्लेख केला. बाकीच्यांच्या गोष्टीत पोरानं पैसा उडवला आणि म्हणून तो उपाशी पडला, एवढंच. पुढं रशियात सेंट पीटर्सबर्गला त्यांनी पन्नास जणांना हेच करायला सांगितलं, तर ४२ जणांनी दुष्काळ सांगितला. ते शहर म्हणजे जुनं लेनिनग्राड. १९४१ ते १९४४ या वेढ्यात तिथं लाखो माणसं भुकेनं मेली. आणि टांझानियातल्या माणसांना पॉवेलनी विचारलं की पोराची दशा का झाली, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते कुणाचं लक्षच जात नाही अशा वाक्यावर: त्याला कुणी काही दिलं नाही. ही तिन्ही वाक्यं लूकच्या पंधराव्या अध्यायात आहेतच. कुणी पदरचं काही घातलेलं नाही.

मी हे वाचलं आणि पुढच्या रविवारी आमच्या मंडळीतल्या तिघी म्हाताऱ्यांना तो दाखला सांगायला लावला. एकीनं सुरुवातच दुष्काळापासून केली. बाप, वाटणी, दूर देश सगळं मागून. आणि म्हणाली, डुकराच्या शेंगा तरी होत्या त्याला.

इथं पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले आणि छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली पूर्ण ग्रंथ बाहेर आला. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली होती, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो आणि पान उलटतो. पण त्या बाईनं जेव्हा जेव्हा तो हिब्रू शब्द पाहून "दुष्काळ" असं कागदावर लिहिलं असेल, तेव्हा तिच्या लेखणीखाली काय होतं? शब्दकोशात तिला अर्थ सापडला असेल. वजन तिच्याकडं आधीच होतं.

आता विहिरीचं. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. या उताऱ्यावर मी आयुष्यात किमान वीस तरी उपदेश ऐकले आहेत आणि जवळजवळ सगळे तिच्या पाच नवऱ्यांवर येऊन थांबले. ती पापी, ती एकटी दुपारी का आली, तिला पश्चात्ताप कसा झाला. आमच्या आजीला त्या नवऱ्यांत काही रस नव्हता. ती नेहमी एकाच गोष्टीवर थांबायची. "त्याच्यापाशी पव्हरा न्हवता. तिच्या भांड्यातनं मागितलं त्यानं." लहानपणी ती गावच्या आडावर जायची तेव्हा काठापासून लांब उभं राहून कुणीतरी वरून पाणी घालील याची वाट बघायची. कधी घातलं जायचं, कधी नाही. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात देवघेव नव्हती, असं त्या अध्यायात लिहिलंय. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ एकमेकांची भांडी न वापरणं असाही होतो, असं अभ्यासक सांगतात. आजीला ग्रीक शब्दाची गरज पडली नाही. ज्याला कुणी भांड्याला शिवू दिलं नाही, त्याला भांडं आधी दिसतं.

आमचे खापरपणजोबा ख्रिस्ती झाले ते जालना मिशनच्या काळात. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण गृहस्थ, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. आमचं घराणं बेथेलचं नाही, पण त्या मिशनच्या वाऱ्यातलंच. अशा घरांतली माणसं शास्त्र कसं वाचतात याला धर्मशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळायला मात्र फार उशीर लागला. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एक भाषण केलं, आणि तिथून पुढं ज्याला दलित ईश्वरविज्ञान म्हणतात त्याची वाट सुरू झाली. पुढच्या लेखनात निर्मल यांनी बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय हाती घेतला. तिथं इस्राएली शेतकऱ्याला आज्ञा आहे की पहिल्या पिकाची टोपली याजकापुढं ठेव आणि मोठ्यानं सांग: माझा मूळ पुरुष भटका अरामी होता, आम्ही मिसर देशात गुलाम होतो, आम्ही ओरडलो आणि देवानं ऐकलं. निर्मल यांनी त्याच चालीवर आपल्या पूर्वजांची, वेशीबाहेरच्या माणसांची गोष्ट सांगितली.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की टोपली ठेवताना आपली हकिगत सांग, ही शास्त्राचीच आज्ञा आहे. आमच्याकडं सुगीच्या उपासनेला माणसं कणसं, तूर, कोंबडी, भोपळा असं काय काय आणून वेदीपुढं ठेवतात. टोपली येते, पण हकिगत कुणी विचारत नाही. एखाद्या साली विचारून बघावी.

हे सगळं लिहिताना मला आज्याचाही एक किस्सा सांगितला पाहिजे. तो दुसऱ्या अंगाचा आहे आणि तो लपवला तर मी खोटी ठरेन.

पेरणाऱ्याचा दाखला आज्याला मुळीच पटायचा नाही. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत. "आरं पन ह्यानं वाटंवर पेरलंच कशाला?" तिफणीतून बी नेमकं तासात पडतं. दाणा बाहेर पडला तर मूठ धरणाऱ्या बाईला चार शब्द ऐकावे लागतात. असा हात सैल सोडणारा शेतकरी त्याला नवशिका वाटायचा. त्याहून गंमत पुढं. चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांनी तीसपट, साठपट, शंभरपट पीक दिलं, असं मी वाचलं की आजा म्हणायचा, "मंग त्यात काय? शंभरपट तर माझ्या रानातबी व्हतंय." आणि ते खरंच होतं. एकराला चारेक किलो ज्वारी पेरायची आणि चार क्विंटल झाली तर साल बेताचं गेलं म्हणायचं. झाले की शंभरपट! येशूच्या तोंडून जे वाक्य ऐकून गालीलातले शेतकरी तोंडात बोट घालून उभे राहिले असतील, ते आमच्या घरात साधं हिशेबाचं वाक्य ठरलं.

मी मोठी झाल्यावर याचा उलगडा शोधला. तिकडं गहू आणि सातू पिकायचे. गव्हाला एकरी चाळीसेक किलो बी लागतं. त्याचं शंभरपट म्हणजे एकरी चाळीस क्विंटल, आणि आजही आमच्याकडं पाणी-खत सगळं देऊन त्याच्या निम्मे झाले तरी माणूस खूश असतो. दोन हजार वर्षांपूर्वी तर गव्हाला शंभरपट म्हणजे देवाघरची गोष्ट. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाला दुष्काळी मुलखात शंभरपट पीक आलं ते परमेश्वराच्या आशीर्वादामुळं, असं मुद्दाम लिहिलंय ते म्हणूनच. आणि पेरायची रीतही वेगळी. तिफण नाही, बी हातानं फेकायचं, आणि बऱ्याचदा फेकल्यावर वरून नांगर फिरवून ते मातीआड करायचं. म्हणजे आज ज्या जमिनीवरून पायवाट गेली आहे ती उद्या नांगराखाली येणारच आहे. तो पेरणारा हलगर्जी नव्हता. त्याचं रान वेगळं होतं.

मी हे आज्याला सांगितलं तेव्हा तो थकला होता, खाटेवर असायचा. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ते गव्हाचं व्हतं व्हय." आणि मला तो अध्याय पुन्हा वाचायला लावला. शंभरपटीवर आल्यावर या वेळी त्यानं मान हलवली, चांगलं पीक बघून हलवायचा तशी. आयुष्यभर ज्वारीच्या अनुभवानं झाकलेलं वाक्य त्याला ऐंशीच्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं. पण "वाटंवर पेरलंच कशाला" हा प्रश्न त्याला पडला नसता तर मी तरी शोधायला गेले असते का? शहरातल्या कुठल्याही उपदेशात हा प्रश्न मी ऐकलेला नाही.

तर अनुभव चुकतो. तो चुकतो तेव्हा कुणाच्या तरी जिवावर कसा येतो, ते मी २०१५ साली पाहिलं.

त्या साली आमच्या काकांनी आयुष्य संपवलं. त्याच्या तीनच वर्षं आधीच्या दुष्काळात त्यांची मोसंबीची बाग वाळली होती. जालना जिल्ह्यात तेव्हा कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली, त्यात त्यांचीही. मग कपाशी, मग सोयाबीन. बियाणं आता गाडग्यात नसतं, पिशवीत येतं, आणि पिशवी उधारीवर. जालना तर बियाण्यांचं गाव. महिकोची सुरुवात इथंच १९६४ साली झाली आणि पुढं कितीतरी कंपन्या आल्या. बी मिळत नाही अशी वेळ काकांवर कधी आली नाही. पाऊस मिळाला नाही. आजीच्या काळचा पेरणारा लेकरांच्या तोंडचा घास मातीत टाकताना रडायचा, काका दुकानदाराच्या वहीवर सही करताना गप्प व्हायचे. वचन तेच, आसवं दोन पिढ्यांची निराळी.

सांत्वनाच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी पौलानं लिहिलेल्या गलतीकरांस पत्रातलं वचन काढलं, माणूस जे पेरतो तेच त्याला कापावं लागतं. आणि त्यावर अर्धा तास बोलले. आपल्या स्वतःच्या जीवनातली साक्षही दिली, की मी दारूत होतो तेव्हा काय पेरलं आणि काय कापलं, मग प्रभूनं कसं सोडवलं. खरी साक्ष होती. त्यांचा आवाज भरून आला होता. पण त्या घरात, त्या दिवशी, त्या वचनाचा रोख कुणाकडं जातोय ते लहान पोरालाही कळत होतं.

काकू भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि म्हणाली, "साहेब, त्या साली आमी तीनदा पेरलं. मृगात पेरलं, दुबार पेरलं, तिबार पेरलं. काय उगवलं ते दावू का?"

कुणी काही बोललं नाही. चहा आला.

त्या रात्री मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडलं, काही दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं. एलिफज, ईयोबाचा पहिला मित्र. त्याचं बोलणं मी आधी अनेकदा वाचलं होतं, पण त्या रात्री चौथ्या अध्यायातल्या एका शब्दानं मला धरलं. तो म्हणतो, मी पाहिलं आहे. जे अधर्म नांगरतात आणि कष्ट पेरतात ते तेच कापतात, हे मी पाहिलं आहे. नांगरणी, पेरणी, कापणी, सगळं आमचंच, आणि वर अनुभवाचा शिक्का. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलंच असणार. शेवटच्या अध्यायात मात्र देव त्यालाच म्हणतो की माझा सेवक ईयोब बोलला तसं तू माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीस.

मग काकूचा अनुभव खरा आणि त्या प्रचारकांचा खोटा, असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. त्यांची दारू सुटली होती, पेरलं तसं उगवलं हे त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं. पण त्यांनी आपल्या रानाचं माप दुसऱ्याच्या रानाला लावलं, आज्यानं ज्वारीचं माप गव्हाला लावलं तसंच. आज्याच्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही, इथं एका विधवेच्या डोक्यावर ओझं गेलं. आणि त्याच सहाव्या अध्यायात, त्या वचनाच्या चारपाच ओळी आधी, पौल लिहितो की एकमेकांची ओझी वाहा. पुढं लिहितो की चांगलं करताना थकू नका. पेरण्या-कापण्याचं वाक्य या दोहोंच्या मध्ये आहे. ज्याच्या घरी माणूस गेलाय त्याच्याकडं ते भिरकावायला पौलानं लिहिलेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. काकू बोलली नसती तर दिसलं नसतं. मीही तो अध्याय अनेकदा वाचला होता आणि दरवेळी मान डोलावली होती.

एलिफज आणि त्याचे सोबती आधी सात दिवस, सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं.

आजकाल अभ्यासाला बसताना मी एवढंच करते. उतारा वाचून झाला की त्यातल्या माणसाच्या जागी इथं कोण बसलंय ते बघते आणि त्या बाईला आधी बोलू देते. मग पुस्तक उघडते, नकाशा काढते, तिकडचं पीक-पाणी, तिकडची रीत सांगते. कधी तिचं म्हणणं पुढं जातं, कधी मागं घ्यावं लागतं, आणि बायका ते मागंही घेतात, मोकळ्या मनानं. उलट क्रमानं मी पहिली दोन वर्षं केलं होतं. सगळ्या गप्प बसायच्या आणि शेवटी "आमेन" म्हणायच्या.

काकू मात्र अभ्यासाला यायची नाही. उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची. वचन ऐकवत नाही, म्हणायची.

या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. चुलतभावानं ट्रॅक्टरवर सोयाबीन पेरलं, अर्ध्या दिवसात उरकलं. मी शनिवारी गेले होते. घरात वळचणीला आजीच्या हातचं चाडं अजून टांगलेलं आहे. लाकूड काळं झालंय, कडा बोटांनी झिजून गुळगुळीत. काकूनं ते खाली काढलं, पदरानं पुसलं, मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "सासूबाईचं ते वाच. रडत पेरायचं."

मी पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं. दक्षिणेकडच्या ओढ्यांचं वाचलं. आसवं गाळत पेरणाऱ्यांचं वाचलं. ती ऐकत होती, बोटं चाड्याच्या कडेवर फिरत होती. शेवटचं वचन राहिलं होतं. पेरायचं बी घेऊन जो रडत बाहेर जातो, तो पेंढ्या घेऊन आनंद करत परत येईल, असं ते आहे.

"बी घेऊन जातो, तिथवर वाच," काकू म्हणाली. "परत येतो ते नको."

मी तिथवर वाचलं.